‘सावधान’च्या आधी

रिक्षावाल्याला ‘इथे थांबवा’ हे मला वेळेवर म्हणता येत नाही. तोंड उघडेपर्यंत आमचं घर मागे पडतं. मग मी पुढच्या चौकात उतरते, माझं काम इथेच होतं असा चेहरा करून जरा वेळ उभी राहते आणि परत चालत येते. घरात हे कोणाला माहीत नाही. घरच्यांच्या मते मी इंग्लिश मीडियमची, कमी बोलणारी आणि म्हणून हुशार आहे.

अशा मुलीने एम.ए.च्या शेवटच्या वर्षी ‘कवितेतली विनंती’ या विषयावर पंचवीस पानं लिहिली होती. वर्गात आम्हाला शिकवलं होतं की वाक्य नुसतं काही सांगत नाही, ते काहीतरी करतं. ‘शब्द देतो’ असं म्हटलं की शब्द दिला जातो. ‘चुकलं माझं’ म्हटलं की दोन माणसांमधलं अंतर तेवढ्यापुरतं बदलतं. कविता हे फार जुन्या काळापासून करत आली आहे. ती हाक मारते, मागते, गयावया करते, आणि ज्याला हाक मारली तो ऐकता ऐकता दुसऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. हे सगळं मी तळटिपांसकट लिहिलं. सरांनी शेवटच्या पानावर ‘छान’ असा शेरा दिला आणि मला वाटलं विषय संपला.

तो विषय माझ्या चुलत बहिणीने पुन्हा उघडला. माझे काका नायगावजवळच्या एका खेड्यात शेती करतात. त्यांची ही मुलगी नांदेडला आमच्या घरी राहून बी.एड. करत होती. दोन वर्षं आम्ही एका खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना अभ्यास केला. शेवटच्या वर्षाची परीक्षा जूनमध्ये होती आणि लग्न ठरलं मे महिन्यात. मुलगा निलंग्याकडचा. मुलाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, तिचीही नव्हती. प्रश्न एवढाच होता की लग्नानंतर महिन्याभरात तिला परीक्षेला पाठवतील का. सुपारी फुटली त्या दिवशी काकांनी हात जोडून विषय काढला, तेव्हा मुलाच्या वडिलांनी पान तोंडात ठेवलं आणि म्हणाले, “बघू की.”

आमच्या भागात ‘बघू’ हा शब्द मी बराच पाहिला आहे. दुकानदार ‘बघू’ म्हणतो तेव्हा माल नसतो. ऑफिसातला साहेब ‘बघू’ म्हणतो तेव्हा फाईल नसते. आणि सोयरा ‘बघू’ म्हणतो तेव्हा काय नसतं, ते लग्न झाल्यावर कळतं. मुलीचा बाप पुन्हा विचारू शकत नाही. पुन्हा विचारलं की तो अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे अपमान. काका गप्प बसले. रात्री जेवले नाहीत, असं काकू म्हणाली.

बहीण मात्र गप्प बसली नाही. ती माझ्याकडे आली. “तू कवितेत मागण्याचं शिकलीस ना? मग घाल की मंगलाष्टकात.”

आमच्या घराण्यात लग्नाची मंगलाष्टकं म्हणजे एक खुलं मैदान आहे. आठातली तीन महाराज म्हणतात, उरलेल्या पाचांसाठी नातेवाइकांत मारामारी असते. ज्याला गळा आहे तो म्हणतो, ज्याला नाही तो जास्त म्हणतो. आजवर त्यात वधूवरांची, आजोबा-पणजोबांची, मामांची आणि एकदा तर ट्रॅक्टरच्या कंपनीचीही नावं आली आहेत. पण कोणी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

मी लिहिते म्हणाले. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी, दुपारी, काकांच्या ओसरीवर आत्या अक्षदांसाठी ज्वारी पिवळी रंगवत बसली होती. आमच्याकडे अक्षदा ज्वारीच्या असतात. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि काकांची थोरली बहीण, हदगावला दिलेली, सातवी शिकलेली. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात एक मंगलाष्टक तिचं ठरलेलं असतं. तिच्या आवाजाला माईकची गरज नाही, पण माईक दिसला की ती पदर खोचते. मी लिहिलेलं म्हणणार तीच होती, म्हणून तिच्यासमोर बसून मी वाचून दाखवलं. शार्दूलविक्रीडितात होतं. त्यासाठी दोन दिवस बोटं मोजली होती.

“विद्येची सुमने करांत धरुनी, येते वधू ही घरी,
ज्ञानाचा दिप मंद तेवत असो, सासूघरी अंतरी...”

आत्याचा हात ज्वारीत थांबला. “लई चांगलं हाय. आता मला सांग, ह्यात मागितलंस काय?”

“म्हणजे, दीप तेवत राहावा...”

“त्यो कामून तेवत ठेवायलीस? त्यांच्याकडं इन्व्हर्टर हाय.”

बहीण तोंडात ओढणी घालून हसायला लागली. मी कागदाची घडी घातली.

“तुला पाह्यजे काय?” आत्याने विचारलं.

“तिला परीक्षा देऊ द्यावी.”

“कोणी द्यावी?”

“तिच्या सासऱ्यांनी.”

“मग सासऱ्याला हाक मार की, माय! फुलाला आन् दिव्याला कामून मारायलीस? त्ये येणार हायत का सोडायला?”

पंचवीस पानांत मी जे लिहिलं होतं ते हेच होतं. फक्त तिथे ते तळटिपेत होतं.

मग आत्याने मला शिकवलं. आधी हाक मारायची, नातं लावून. मग मागायचं, एकच. “दोन गोष्टी मागितल्या की त्यो सोपी देतो आन् अवघड ठिवून घेतो.” आणि मागताना आपण खाली बसायचं. मी विचारलं, मांडवात खाली कुठे बसायचं? ती म्हणाली, “शब्दानं बसायचं, बाई. पदर पसरून म्हणायचं. उभ्यानं मागितलं की भांडण होतंय.” मंगलाष्टकात कोणी भांडू शकत नाही, हा तिचा हिशेब होता. बैठकीत हेच वाक्य बोललं असतं तर सोयरीक हलली असती. सुरात बोललं, अक्षदा हातात असताना बोललं, तर तो आशीर्वादाचाच एक भाग होतो आणि ऐकणाऱ्याला उठून जाता येत नाही.

तीन ओळी तिने तिथल्या तिथे रचल्या. ज्वारी चाळत चाळत, चालीवर. चौथ्या ओळीला अडली. ‘द्या’ला काही जुळेना. ‘घ्या’ झालं, ‘माया’ झालं. शेवटी मी हळूच म्हणाले, “तुम्ही सोबत या?” चाल भरली. आत्याने माझ्या पाठीवर पिवळा हात मारला. तो ड्रेस नंतर धुऊनही तसाच राहिला. त्या कवितेत माझं योगदान म्हणजे ती एक ओळ, आणि तीही यमकासाठी घातलेली. तिला अर्थ असेल असं मला वाटलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी मुलाकडून पाचसहा बायका आल्या. त्यात मुलाची बहीण होती, माझ्या बहिणीची होणारी नणंद. दोन वर्षांपूर्वी लग्न झालेली, आठवा महिना. ती नवरीच्या हाताला हळद लावत होती आणि मी मागे ताट धरून उभी होते. ताट धरून उभ्या असलेल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. ती हसत हसत म्हणाली, “वैनी, तुमची पुस्तकं घेऊनच या बरं. माझं डी.फार्मसीचं एक वरीस राहिलं. माझ्या सासरीबी बघूच म्हणले होते.” आणि दुसऱ्या हाताला हळद लावायला घेतली.

मी हे आत्याला सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे. मी सहसा ऐकलेलं कोणाला सांगत नाही. आत्या इतकंच म्हणाली, “हं.” मी म्हटलं, आत्या, हे मंगलाष्टकात घालू नका, तिच्या सासरचेही मांडवात असणार. ती म्हणाली, “मला काय येड लागलंय का?” त्यावरून मला काहीच खात्री वाटली नाही.

मुहूर्त बारा पस्तीसचा होता, म्हणजे दोनला सुरुवात झाली. नायगावचं मंगल कार्यालय भरलं होतं. स्टेजवर अंतरपाट, दोन्हीकडे मामा, महाराजांचे तीन श्लोक झाले. मग मुलाकडच्या एका शिक्षकांनी एक म्हटलं, त्यात सगळ्या देवांची हजेरी घेतली. मग आणखी तिघांची झाली आणि शेवटच्याला आत्याने पदर खोचला. मुलाचे वडील स्टेजच्या कडेला फेटा बांधून उभे होते. एका पुढाऱ्याला शाल घालायची होती आणि शालीची घडी उलगडत नव्हती.

“इवाईबुवा, पदर पसरून मागणं एक मागते,
लेक आमची तुमच्या दारी पुस्तक घेऊन येते...”

व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. लाऊडस्पीकरवर स्वतःला हाक ऐकून ते दचकले. आधी त्यांनी मागे पाहिलं, दुसरा कोणी इवाई असेल म्हणून.

“पेपर हिचे राहिले, ते लिहू तिला द्या,
नांदेडाला पोहोचवायला तुम्ही सोबत या...”

इथे ‘शुभ मंगल सावधान’ यायचं. मांडवातले सगळे हात ज्वारी घेऊन वर गेले होते. बँडवाल्याने ट्रम्पेट ओठाला लावलं होतं. आत्या थांबली.

ती विसरली असं मला वाटलं. मी खांबामागून ओठांनी ‘सावधान, सावधान’ सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती इवायांकडे पाहत होती, माईक तसाच तोंडाशी.

कोणीतरी घाई करून मूठभर ज्वारी फेकली. लगेच चारपाच जण ओरडले, “आरं थांबा की! सावधान न्हाई झालं आजून!” हात पुन्हा वर. महाराज घड्याळ दाखवत म्हणाले, “बाई, पुढे म्हणा.” ते घड्याळ दीड तास कोणी पाहिलं नव्हतं.

“मागणं मागितलंय, महाराज,” आत्या माईकवर म्हणाली. “उत्तर येऊ द्या.”

मुलाच्या वडिलांनी मान हलवली. कशीही घ्यावी अशी, गोल.

“मान हलवल्याली माईकवर ऐकू येत न्हाई, इवाईबुवा.”

मांडव हसला. माणसं हसत होती आणि हात वरच होते. माझा स्वतःचा हात दुखायला लागला होता. कोणीतरी त्यांच्या हातात दुसरा माईक दिला. ते म्हणाले, “आता... आपण... बघू...” आणि हशा इतका मोठा झाला की पुढचं ऐकू आलं नाही. काकांचा चेहरा मला दिसला. ते हसत नव्हते. मुलीच्या लग्नात व्याह्याचं हसं झालं, आता सोयरीक गेली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. अंतरपाटामागे बहिणीचे डोळे मिटलेले होते. हे सगळं एका कागदावरून सुरू झालं होतं आणि तो कागद माझा होता.

हशा ओसरला तेव्हा आत्याचा आवाज खाली आला. ती गात नव्हती. “इवाई, तुम्हीबी लेक दिलीया. तुम्हाला म्या काय सांगावं.”

मांडवातल्या बहुतेकांना ते साधंच वाटलं असणार. लेक प्रत्येकाने दिलेली असते. पण मुलाचे वडील वळले. करवल्यांच्या रांगेत त्यांची मुलगी कळस धरून उभी होती. ती हसत नव्हती, रडतही नव्हती, फक्त खाली कळसातल्या पाण्याकडे पाहत होती. तिचे सासरे पहिल्या रांगेत सोफ्यावर बसले होते, तेही हात वर करून. त्यांना काही कळलं नव्हतं. ज्यांना कळलं ते दोघं-तिघं होते आणि आत्या त्यांतल्या एकाशीच बोलत होती.

“हाव,” ते म्हणाले. माईक फार जवळ धरल्यामुळे तो ‘हाव’ स्पीकरमधून फुटून आला. “देईल पेपर. कबूल हाय.”

“शुभ मंगल सावधान!” आत्या ओरडली, आणि इतका वेळ रोखलेली सगळी ज्वारी एकदम पडली. काही दाणे माझ्या चष्म्यात अडकले.

नंतर चांगलं काही झालं नाही. काका आत्याशी बोलले नाहीत. “सोयऱ्याची इज्जत भर मांडवात...” एवढंच म्हणाले आणि पंगतीत वाढायला गेले. मुलाच्या वडिलांनी जेवताना मान वर केली नाही. आत्या मात्र दोनदा जिलेबी घेऊन बसली. मी सामानाच्या खोलीत जाऊन ताटं मोजत राहिले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मला राहून राहून वाटत होतं की आम्ही शब्द घेतला नाही, काढून घेतला. वर गेलेल्या चारशे हातांसमोर कोण नाही म्हणेल? वर्गात शिकलो होतो की दबावाखाली दिलेलं वचन हे वचन नसतं. ते पाळायला तो माणूस बांधलेला नसतो. परीक्षेत यावर मला चांगले गुण होते.

महिनाभर बहिणीचा फोन आला की मी पहिलं तेच विचारायचे.

“काय म्हणतात?”

“काहीच म्हणत न्हाईत. मीबी विचारत न्हाई.”

“पुस्तकं?”

“कपाटावर हायत. कोणी हात लावत न्हाई. सासूबाई धूळ पुसतात तेवढं.”

पहिल्या पेपरच्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. तिने आदल्या दिवशी फोन उचलला नव्हता. साडेनऊला एक रिक्षा थांबली. आधी एक पिशवी उतरली, मग फेटा नसलेले, म्हणून मला क्षणभर न ओळखू आलेले तिचे सासरे उतरले, मग ती. तिने माझ्याकडे पाहून फक्त भुवया उडवल्या आणि हॉलतिकीट शोधत आत पळाली.

आम्ही दोघं फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. तीन तास होते. मला बोलायचं नव्हतं आणि त्यांनाही नव्हतं. त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी माझ्यापुढे धरली. मी घेतली. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “पाच वाजता निघालाव घरून. लातूरला गाडी बदलली.”

“मामा,” मी म्हणाले, बहीण सासऱ्यांना तेच म्हणते, “तुम्ही कशाला आलात? म्हणजे... दाजी आले असते.”

“त्याला सुट्टी होती की. येतो म्हणूलाला.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “पण मांडवात माझं नाव घेतलं होतं ना. तुम्ही सोबत या म्हणून. चारशे माणसांनी ऐकलंय. सोयाबीनचं बी घरात पडलंय, रान तयार हाय, आन् मी हितं.” मग म्हणाले, “त्ये लिव्हलं कोणी?”

मला खोटं बोलता आलं असतं. “तीन ओळी आत्याच्या,” मी म्हणाले, “ती एक माझी. यमक जुळत नव्हतं म्हणून घातली.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. आता रागावतील असं वाटलं. ते हसले, आवाज न करता, खांदे हलवून, बराच वेळ. “जुळलं का पण?”

“जुळलं.”

अकराच्या सुमाराला त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. बारसं पुढच्या आठवड्यात होतं, तिच्या सासरी. “बारशाला पाळणा म्हणतेत बायका. त्यात बसंल का एखादी वळ?”

मी पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून पिशवीतली बहिणीच्या हॉलतिकिटाची झेरॉक्स उलटी केली. “काय मागायचं आहे, मामा?”

त्यांनी धोतरावरचे भाकरीचे कण झटकले. मी वाट पाहिली. वाट पाहणं मला जमतं.

“आधी मागायचं न्हाई,” ते म्हणाले. “आधी तिला सांगायचं. म्हणायचं, बापानं तवा फिरून विचारलं न्हाई. त्यांनी बघू म्हणलं आन् मी पान खाल्लं. एवढं म्हणायचं. मग त्यांना मागायचं, एक वरीस द्या म्हणून.” मग लगेच, “पान घालू नका. लोक हसतील.”

मी पान घातलं नाही. बाकी सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं. बोटं मोजली नाहीत. वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ‘तवा’ या शब्दावर मान हलवली आणि कागद घडी करून बनियनच्या खिशात ठेवला.

एकला बहीण बाहेर आली. चेहऱ्यावरून पेपर बरा गेलेला दिसत होता. ते उठून उभे राहिले. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारायचं असतं हे बहुधा त्यांना माहीत नव्हतं.

“झालं का सगळं?”

“मामा, हा पहिला होता,” ती म्हणाली. “सहा हायत. एकाआड एक.”

“सहा?” त्यांनी बोटं मोजली. पाचावर थांबले, दुसऱ्या हाताचं एक घेतलं. “म्हंजे... बारा दिस? इवायाच्या घरी?”

“तुम्ही गेलात तरी चालंल. मी राहते हिच्याकडं.”

ते पुन्हा बाकावर बसले, खिशातून फोन काढला आणि निलंग्याकडच्या सगळ्या शेतांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले. “हाव, पेरून घ्या तुम्ही. माझी वाट बघू नका... न्हाई, न्हाई, कोणी धरून ठिवलं न्हाई... मीच थांबूलालाव... बारशाला सरळ हितूनच येतो... आन् दोन धोतरं पाठवा कोणासोबत.”

बहीण वळून रस्त्याकडे पाहू लागली आणि पाण्याची बाटली उघडून बराच वेळ पाणी प्यायली. मी पिशवी उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि विचारलं, “घर किती लांब हाय?”